घे, तुझंच आहे

वसंतात नवार मरता मरता वाचला. गल्लीत सांगितलं गेलं की त्याचं पोट बिघडलं होतं. शिळं मांस खाल्लं, असं त्याची आई म्हणाली आणि लोकांनी ते मानलं. त्या दिवसांत वीज जेमतेम तासभर यायची. सगळ्यांच्याच फ्रिजमधलं मांस शिळं होतं.

खरं काय ते वाएलला माहीत होतं. नवारनेच सांगितलं होतं. इस्पितळातून घरी आल्यावर एका संध्याकाळी दोघं त्रिपोलीच्या मीना बंदरात, समुद्राकाठच्या कठड्यावर बसले होते. नवारने एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. आपण ते मुद्दाम केलं, ही एक. आपलं मन पुरुषांवर जडतं, कळायला लागल्यापासून, ही दुसरी. एक जण होता, तो जर्मनीला निघून गेला. चुलतभावाने फोनवरचं दोघांचं बोलणं वाचलं. तेव्हापासून तो भाऊ भेटला की हसतो.

"मारत नाही, शिव्या देत नाही," नवार म्हणाला. "नुसता हसतो."

आधी कोणत्या गोष्टीला उत्तर द्यावं ते वाएलला कळेना. समोर कणसांची गाडी उभी होती.

"कणीस खाणार?" त्याने विचारलं.

"खाऊ."

दोघांनी कणसं खाल्ली.

त्या संध्याकाळपासून वाएलच्या अंगावर एक काम येऊन पडलं. कोणी सोपवलं नव्हतं. नवार जिवंत राहायला हवा, एवढंच काम. ते कसं करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे अरबी साहित्याची पदवी होती, नोकरी नव्हती. बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तो दिवस काढत होता. प्रेमात झुरून मेलेल्यांच्या कविता त्याने वर्षानुवर्षं पाठ केल्या होत्या, त्यांवर निबंध लिहिले होते, गुण मिळवले होते. आता एक खरा माणूस शेजारी बसून कणीस खात होता आणि वाएलला एक ओळ सुचत नव्हती.

घरी जाऊन त्याने शब्दकोश उघडला. नवारसारख्यांसाठी जे शब्द होते, त्यातले निम्मे शिव्या होते आणि उरलेले रोगांची नावं. त्याने कोश मिटला. मग स्वतःच्या मनात चाचपून पाहिलं. राग आलाय का? किळस वाटतेय का? हाताला फक्त भीती लागली. बाकी काय आहे ते त्याला सांगता आलं नसतं.

बैरूतमधल्या एका मदतकेंद्राचा नंबर त्याने फोनमध्ये घालून ठेवला. कशासाठी, हेही त्याला नीट माहीत नव्हतं.

नवार हाजी मुनीरच्या मिठाईच्या दुकानात कामाला होता. चीज आणि रवा साखरेच्या पाण्यात शिजवून त्याचा गरम लगदा तो संगमरवरावर ओतायचा आणि निवायच्या आत लाटून कागदासारखा पातळ करायचा. त्याच्या हातांना कायम नारिंगाच्या फुलांच्या अर्काचा वास असायचा. तोंड तर कामाहून जोरात चालायचं.

"हाजी, या बाईंना दोन तुकडे जास्त घाला. सून माहेराहून परत येतेय. भांडायला ताकद नको?"

बाई हसायच्या आणि खरंच जास्त घेऊन जायच्या.

गल्लीत त्याला अबू रशाद म्हणत. त्याच्या वडिलांचं नाव रशाद. नवार थोरला. त्याला मुलगा होणार आणि त्याचं नाव आजोबांवरून ठेवणार, हे धरलेलंच. म्हणून मिसरूड फुटल्यापासून तो रशादचा बाप होता.

"काय अबू रशाद, पोरगा कसा आहे?"

"शाळेत जात नाही. फटके खातोय."

सगळे हसायचे. वाएलही. कठड्यावरच्या त्या संध्याकाळनंतर वाएलचं हसणं थांबलं. मग आपण हसत नाही हे कोणाच्या तरी लक्षात येईल, म्हणून तो पुन्हा हसू लागला.

नवारकडे एक पक्षी होता, पिवळा कनारी. त्याच्याबाबत मात्र नवारची एक खोड होती. आपल्याकडे कोणी आपल्या वस्तूला चांगलं म्हटलं की "घे, तुझंच आहे" म्हणायचं असतं. समोरच्याने वल्ला, देवाशपथ, असं करत नको म्हणायचं असतं. वस्तू जागची हलणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. घड्याळ असो, चपला असोत, नवारही सगळ्यांसारखं म्हणायचा. पक्ष्याला कोणी चांगलं म्हटलं की मात्र "माशाल्ला म्हण, माशाल्ला" एवढंच बोलायचा आणि पिंजऱ्यावर फडकं टाकायचा. चिकट म्हणून गल्लीने त्याची यथेच्छ टिंगल केली. "अबू रशाद बायको देईल, पक्षी देणार नाही," असं न्हावी अबू जमील म्हणायचा.

इस्पितळानंतर त्याच्या आईने, उम्म नवारने, दृष्ट काढली. नवारच्या डोक्यावर चादर धरली, शिसं वितळवून पाण्यात ओतलं. शिशाला मधोमध भोक पडलं. "हा बघ डोळा," ती वाएलला म्हणाली. "केवढा मोठा! कोणाचा म्हणून सांगू?"

"मावशी, डॉक्टरला दाखवायचं का एकदा?"

"दाखवलं की. पोट बरं आहे म्हणाले."

"पोटाच्या नाही. मनाच्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "वेड्यांच्या डॉक्टरकडे? आणि मग मुलगी कोण देईल रे त्याला? तू?"

मुलगी तिने पाहूनही ठेवली होती. तिच्या बहिणीच्या शेजारची. तीन आठवड्यांनी, गुरुवारी, दोन्हीकडची माणसं बसून फातिहा वाचणार होती, म्हणजे शब्द पक्का.

वाएलला वाटलं, नवार नाही म्हणेल. नवार हो म्हणाला. नुसतं हो नाही, मजेत म्हणाला. आईच्या गालाचा मुका घेतला. तेव्हापासून तो बराच झाला. जेवायला लागला. झोपायला लागला. दुकानात पुन्हा बायकांना सुनांवरून चिडवायला लागला. वाएल रोज त्याच्या ताटावर आणि डोळ्यांखालच्या काळेपणावर नजर ठेवून होता. ताट रिकामं होऊ लागलं, काळेपणा गेला. वाएलला काही समजलं नाही, पण त्याने समजून घ्यायचा हट्टही धरला नाही. माणूस बरा होतोय ना, मग झालं.

गुरुवार चार दिवसांवर आला. रविवारी दोघं नवारच्या घरी सोंगट्या खेळत होते. पट नवारच्या आजोबांचा, शिंपल्याच्या नक्षीचा. नवारने तो पुसून लख्ख केला होता.

"काय चमकतोय आज," वाएल म्हणाला.

"घे, तुझंच आहे."

"तुझ्याकडेच शोभतं. खेळ."

"अरे घे ना."

"वल्ला नको. फासे टाक."

"मनापासून सांगतोय, घे."

"आईची शपथ नको! टाक लवकर, हरतोयस म्हणून चाललंय तुझं हे."

नवारने फासे टाकले. दुसऱ्या दिवशी वाएल शिकवणीहून घरी आला तर पट त्याच्या खाटेवर होता. नवार देऊन गेला, आई म्हणाली. वाएल जरा वैतागलाच. परत न्यावा तर अपमान होईल. ठेवावा तर आजोबांची वस्तू. लग्न ठरतंय, पोरपणाचं सामान आवरतोय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि पट कपाटावर ठेवला.

मंगळवारी दुपारी तो अबू जमीलकडे दाढीला गेला. मान मागे टाकून बसला होता, अर्ध्या गालाचा साबण उतरला होता आणि डोक्यावर कोणीतरी शीळ घालत होतं.

"हे कोण?"

"माझा पाहुणा," अबू जमील म्हणाला. "उस्ताद, हलू नका, कापेल."

"नवारचा आहे हा."

"होता. काल सकाळी त्याच्या दारावरून जाताना म्हटलं, काय गातोय लेकाचा. म्हणाला, घे, तुझाच आहे. मी म्हटलं, वल्ला नको. एकदा नाही, चारदा म्हटलं, विचारा कोणालाही. दुपारी बघतो तर हा इथे खिळ्याला लटकलेला. दाण्यांच्या पिशवीसकट!" त्याने वस्तरा पुसला. "शेवटी शिकला हो पोरगा. आता झाला माणूस. त्या इस्त्रीवाल्याला रेडिओ दिला, माहितीये? एवढं वळण आजकाल कोणाला असतं?"

वाएल उठला.

"अहो, दुसरा गाल!"

वाएल रस्त्यावर आला. गळ्यातला टॉवेल तसाच होता. आपण का धावतोय हे त्याला एका वाक्यात सांगता आलं नसतं. सगळं चांगलंच तर घडत होतं. प्रत्येकाने नको म्हटलं होतं, प्रत्येकाने शपथ घातली होती, प्रत्येकाने नवारची वाहवा केली होती. त्यानेही. पण पक्षी?

दुकानात नवार नव्हता.

"लवकर गेला," हाजी मुनीर म्हणाले. "लाटणं धुतलं, संगमरवर घासला, माझ्या खांद्याचा मुका घेतला. गुणी पोर आहे. तुला काय झालं? तोंडाला साबण?"

नवार घरीच होता. दार त्यानेच उघडलं. वाएल धापा टाकत उभा होता. नवार त्याच्याकडे बघून खो खो हसायला लागला.

"अबू जमीलने अर्धे पैसे घेतले का?"

"मावशी कुठे आहे?"

"बाजारात. ये ना. म्हशीसारखा धापा टाकतोयस, खालच्या बाईला ऐकू जाईल."

खोली मोकळी दिसत होती. खिडकीतला खिळा रिकामा होता. गादी घडी घालून भिंतीशी लावली होती. वाएलने वाटभर वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली.

"तू मरायचं ठरवलंयस का?"

नवारचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर राहून गेलं, विसरल्यासारखं.

"काय बोलतोस."

"मी विचारतोय."

"घरात असं विचारतात होय?"

"मग कुठे विचारू? पक्षी का दिलास?"

नवार गादीवर बसला. खाली कोणीतरी जनरेटर चालू केला, तो दोनदा खोकून बंद पडला.

"हो," तो म्हणाला.

वाएलही बसला. "पण तू तर बरा झाला होतास," तो म्हणाला. हे चुकीचं वाक्य आहे हे त्याला बोलतानाच कळलं. दुसरं नव्हतं.

"ठरलं की झोप लागते," नवार म्हणाला. "आईला चार दिवस आनंदात बघून घ्यायचं होतं. म्हणून हो म्हटलं. पण गुरुवारच्या आत व्हायला हवं. एकदा फातिहा वाचली की त्या पोरीला माझं नाव चिकटणार. जन्मभर लोक म्हणतील, हिच्या पायगुणाने गेला. तिने काय केलंय माझं?"

"तिचा एवढा विचार करतोस."

"मग?"

"आणि माझा?"

"तुला पट दिला ना."

वाएलला हसू फुटलं, आणि लगेच रडूही आलं, आणि यातलं काय चाललंय ते त्याला उमगेना. अर्ध्या गालावर सुकलेला साबण ताणत होता. नवारने टॉवेलचं टोक धरून तो पुसला.

"मला एक कळत नाही," नवार हळू म्हणाला. "मला खरंच मरायचंय, की मला फक्त गुरुवारी तिथे बसायचं नाहीये? रोज विचार करतो. दोन्ही एकच वाटतं."

"एक नाहीये."

"तुला काय माहीत?"

"मला काही माहीत नाही," वाएल म्हणाला. "पण गुरुवार रद्द करता येतो."

नवारने मान हलवली नाही. नाहीही म्हणाला नाही. वाएलने फोन काढला. त्यात थोडीच बॅटरी उरली होती. बैरूतचा तो नंबर लावला. वाजत राहिला. मग एका बाईचा आवाज आला, घाई नसलेला. ती नवारशी बोलली. नवार नुसता हो, नाही, हो करत होता. एकदा म्हणाला, "नाही, एकटा नाही. मित्र आहे. अर्धी दाढी केलेला." पुन्हा काही वेळ ऐकलं आणि फोन वाएलकडे दिला.

बाई साधं बोलत होती. त्याला आज एकटं सोडू नका. इजा होईल असं जे काही त्याच्या हाताशी असेल ते घरातून हलवा. उद्या डॉक्टर, मी त्रिपोलीतला पत्ता देते. आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगा.

वाएल गॅलरीत गेला. "बाई, पण कशामुळे, ते कसं सांगू? ते सांगितलं तर घरात..."

"ते तुमचं नाही, त्याचं आहे. तो सांगेल तेव्हा सांगेल. तुम्ही एवढंच सांगा की त्याच्या जिवाला धोका आहे. आणि तुमच्यासाठी कोण आहे?"

"माझ्यासाठी?"

फोन बंद पडला.

वाएल आत आला. "घरातल्या कोणाला तरी सांगायला हवं," तो म्हणाला. "बाबांना?"

"बाबांना नको."

"मग मावशीला. फक्त धोका आहे एवढंच. बाकी काही नाही."

नवारने डोळे मिटले. "तू सांग. मला जमणार नाही. मी इथेच बसतो."

उम्म नवार दोन्ही हातांत कोशांच्या, म्हणजे छोट्या दुधीसारख्या भाजीच्या, पिशव्या घेऊन जिना चढून आली. "वीज नाही, पाणी नाही, आणि कोशा बघा केवढ्याला! वाएल? बरं झालं आलास, भरलेले कोशा करतेय. हे तोंड कसलं तुझं?"

"मावशी, बसा."

"बसून स्वयंपाक होतो का?"

"मावशी, वसंतात पोट बिघडलं नव्हतं."

तिने पिशव्या खाली ठेवल्या नाहीत.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"तो पुन्हा करणार होता. या आठवड्यात."

एक कोशा पिशवीतून पडून घरंगळत नवारच्या पायाशी गेला. ती त्याच्यामागे बघत राहिली.

"पण तो हो म्हणाला होता. हसत होता. मुलगी आवडली नाही का? दुसरी बघू. नको तर नको. कोणी काय केलं माझ्या पोराला? वाएल, तू सांग, तू शिकलेला आहेस."

वाएलने नवारकडे पाहिलं. नवारने मान खाली घातली.

"मला सांगता येणार नाही मावशी."

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिला कळलं होतं की नव्हतं, हे वाएलला तेव्हाही समजलं नाही आणि नंतरही नाही. तिने पिशव्या जमिनीवर टेकवल्या आणि नवारपुढे गुडघ्यांवर बसली. इथल्या आया पोरांना ऊठसूट म्हणतात, तू मला मातीत पुरावंस. चमचा हातात दिला तरी म्हणतात. माझ्यामागे खूप जग, एवढाच अर्थ. तिने त्याचं तोंड ओंजळीत धरलं.

"तू मला पुरायचंस," ती म्हणाली. "मी तुला नाही. ऐकलंस? असं ठरलंय."

नवार तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. वाएलने आधी कधी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. हे चांगलं की वाईट, हेही त्याला कळेना. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि उगाच कोशा धुवायला लागला. पाणी नव्हतं. मग तो नुसताच उभा राहिला.

उम्म नवारने बहिणीला फोन केला. "गुरुवारचं राहू दे. माझी तब्येत ठीक नाही. मला काय धाड भरलीये? चक्कर येतेय. हो, मलाच. नाही, येऊ नकोस." नवऱ्यालाही चक्करच सांगितली. मग ती घरभर फिरली, काय काय उचललं, आपल्या कपाटात कोंबलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. कोणी तिला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. त्या रात्री ती नवारच्या दाराशी गादी टाकून झोपली आणि वाएल आत, जमिनीवर.

सकाळी तिघं टॅक्सीने गेले. दवाखाना एका औषधांच्या दुकानावर होता. उम्म नवार जिन्याशीच थांबली. वर वेड्यांचा डॉक्टर आहे, ओळखीचं कोणी बघेल, म्हणाली. मग दोन पायऱ्या चढली. मग पुन्हा दोन. शेवटी आत येऊन वाएलशेजारी बसली आणि पिशवीतून ब्रेड काढून त्याच्या हातात कोंबला.

"खा. तुझंही तोंड मेल्यासारखं झालंय."

दाराआड नवार एका डॉक्टरीणबाईंशी बोलत होता. शब्द कळत नव्हते. एकदा त्या बाई हसल्यासारख्या वाटल्या. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. हातात औषधांची चिठ्ठी होती.

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"सोमवारी ये म्हणाल्या."

"आणि तू काय म्हणालास?" वाएलने विचारलं.

"येतो म्हटलं."

"सोमवारपर्यंत आहेस म्हणजे."

"सोमवारपर्यंत तरी आहे," नवार म्हणाला, आणि आईने वाएलच्या दंडाला इतक्या जोरात धरलं की वळ उठले.

तो सोमवार गेला. त्यानंतरचेही काही गेले. नवार बरा आहे का, हे वाएलला आजही सांगता येत नाही. हसतो तेव्हा वाएल घाबरतो. गप्प बसतो तेव्हाही घाबरतो. ताट बघून कळत नाही, डोळे बघून कळत नाही, आणि कशावर भरवसा ठेवायचा हे कोणी त्याला सांगितलेलं नाही. म्हणून तो विचारतो. रोज, तोंडावर, त्याच शब्दांत. पहिल्यांदा जीभ अडखळायची. आता अडखळत नाही.

"आज आहे का मनात?"

कधी नवार नाही म्हणतो. कधी म्हणतो, थोडंसं आहे, आणि मग वाएल उठत नाही, तिथेच बसतो. एकदा वैतागून म्हणाला, "लेका, हातात गरम पातेलं आहे, नंतर विचार." हाजी मुनीरांनी ते ऐकलं. "काय रोज रोज विचारतोस रे त्याला?" ते म्हणाले. नवारच म्हणाला, "माझी चौकशी करतो, हाजी. बायकोसारखी." दुकानातले सगळे हसले. वाएलला कळेना की आपण हसावं का. तो हसला.

काल विचारलं तेव्हा नवार लाटत होता. त्याने मान वर केली नाही.

"नाही," तो म्हणाला. "आणि तुझ्या?"

वाएल दाराशी उभा राहिला. त्याला आजवर कोणी हे विचारलं नव्हतं.

"थांब," तो म्हणाला. "बघू दे."